बोट गोव्याला लागली नाही

सदतीस वर्षं मी सोलापुरात सरकारी दवाखान्यात नर्स होते. त्यातली नऊ वर्षं भाजलेल्यांच्या वॉर्डात. पू, रक्त, ओकारी, सडलेल्या जखमा, यातलं काही बघायचं राहिलं नाही. पण किळस म्हणून मला कधी आली नाही. बढाई मारत नाही, सवयच तशी होते. वॉर्डात शिरलं की नाक आपोआप मिटतं आणि घरी येऊन आंघोळ केली की उघडतं. मग मी आमटीभात पोटभर जेवत असे. म्हणून आयुष्यातला सगळ्यात घाण दिवस कोणता असं कुणी विचारलं, तर मी दवाखान्यातला एकही दिवस सांगणार नाही. तो दिवस मी एका चकचकीत बोटीवर काढला. तिथल्या भिंतींना आरसे होते आणि लिफ्टमध्ये अत्तराचा वास यायचा.

त्या बोटीवर मला माझ्या भावानं नेलं होतं. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा आठवीत होता. त्याला मी माझ्या क्वार्टरमध्ये आणून ठेवला, डबा करून शाळेत पाठवला. आता माळशिरसला त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे, चांगलं चालतं. पाइप बनवणारी कंपनी चिंचोळी एमआयडीसीत आहे. जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना ती दरवर्षी कुठंतरी फिरायला नेते. त्या वर्षी बोट ठरली होती. संध्याकाळी मुंबईहून निघायचं, सकाळी गोवा, दिवसभर गोव्यात फिरायचं, संध्याकाळी परत बोटीत आणि तिसऱ्या दिवशी मुंबई.

भाऊबीजेला तो आला, पाटावर बसला आणि ओवाळून झाल्यावर म्हणाला, "आक्का, बॅग भर. तुला बोटीवर न्यायाचं हाय."

"मला? माझं काय काम तिथं?"

"काम कसलं? जलमभर कामच केलंस की. आता रिटायर झालीस. दोन दिस समुद्र बघ, गोवा बघ. हीच ओवाळणी समज."

मी तबक खाली ठेवलं आणि रडले. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी पुण्यात, तिच्या संसारात. मला कुठंतरी न्यावं असं कुणाला वाटेल, हे मी धरूनच चालले नव्हते. पुढचे आठ दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटले. शेजारणीला, दुधवाल्याला, दवाखान्यात मुद्दाम जाऊन जुन्या सिस्टरांना. नवीन कॅनव्हासचे बूट घेतले. आज ते आठवलं तरी मला माझीच लाज वाटते.

सोलापूरहून कंपनीच्या दोन बस निघाल्या. भावजय आली नाही, तिच्या माहेरी लग्न होतं. बसमध्ये सगळे दुकानदार, काहींच्या बायका, आणि एक म्हातारी. म्हातारी अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावची. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग. तिचा मुलगा कंपनीचा मोठा वितरक. आमच्या भागातल्या दुकानदारांना कुणाला किती माल सोडायचा ते त्याच्या हातात. पन्नाशीचा, जाडजूड, बोलायला गोड. सगळे त्याला आण्णा म्हणायचे. मुंबईत बोटीवर चढताना माझ्या भावानं त्या म्हातारीची पिशवी स्वतःहून उचलली आणि तिला हात धरून फळीवरून नेलं. मी मागून बघत होते. मनात म्हटलं, चांगला शिकवलाय मी याला.

केबिनी वाटून दिल्या तेव्हा म्हातारी माझ्या खोलीत आली. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. दोघी एकट्या बायका, एका खोलीत टाकल्या असतील.

पहिल्या संध्याकाळी जेवायला गेलो. मोठ्या हॉलमध्ये पन्नास तरी पदार्थ मांडलेले. आमची माणसं ताटं भरून घेत होती, आणि ती बघण्यासारखी गोष्ट नव्हती. पनीरवर नूडल्स, त्यावर मासे, त्याच्या कडेला गुलाबजाम, सगळ्याचा रस एकात एक. दोन घास खायचे, ताट सरकवायचं, दुसरं घ्यायचं. टेबलाटेबलावर अर्धवट ताटांच्या चळती. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीही घेतलं. तीन प्रकारचे केक घेतले आणि दीड खाल्ला. म्हातारी माझ्या शेजारी बसून नुसता दहीभात खात होती. माशांचा वास आला की पदर नाकाला लावत होती.

"एवढं टाकतात?" तिनं विचारलं.

"टाकतात," मी म्हटलं, आणि माझं ताट हळूच पलीकडे सरकवलं.

सकाळी जाग आली ती खोली कलल्यामुळे. पांघरूण अंगावरून घसरत होतं, कपाटाचं दार आपोआप उघडून आपटत होतं. म्हातारी पलंगाच्या कडेला बसली होती आणि लुगड्याच्या ओच्यात ओकत होती. फरशी घाण होऊ नये म्हणून तिनं ओचा पुढे धरला होता.

"अव्वा, सोडा ते. खाली होऊ द्या," मी म्हटलं. दवाखान्यात अक्कलकोटकडचे पेशंट फार असायचे, त्यामुळे चार शब्द कानडीचे मला येतात. अव्वा म्हणजे आई.

"दुसऱ्याचं घर हाय की," ती म्हणाली. "घाण कशी करू?"

मी तिचं लुगडं सोडलं, अंग पुसलं, माझा गाऊन घातला आणि तिला कुशीवर निजवलं. कचऱ्याची बादली उशाला ठेवली. तेवढ्यात छतातल्या स्पीकरवरून आवाज आला. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. समुद्रात वारं वाढलंय, बंदरात बोट नेणं सुरक्षित नाही, त्यामुळे आज गोव्यात उतरता येणार नाही. आजचा पूर्ण दिवस बोट समुद्रातच राहील. प्रवाशांनी बोटीवरच्या सुखसोयींचा आनंद घ्यावा.

खिडकीची काच पक्की बसवलेली होती. तिच्यावर पाणी आपटायचं, निथळायचं, आणि तेवढ्यात लांबवर एक राखाडी रेघ दिसायची. तोच गोवा असावा.

तासाभरात म्हातारी चारदा ओकली. शेवटी पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पित्त. ती मधुमेहाची पेशंट, सकाळची गोळी घेऊन बसलेली आणि पोटात अन्नाचा कण नाही. मला काळजी वाटायला लागली. बोटीवर डॉक्टर होते. मी फोन केला, पण त्यांच्याकडे रांग लागली होती, जमेल तसं कुणीतरी येईल म्हणाले. मग लिंबू, मीठ, साखर मिळते का बघायला मी बाहेर पडले. तिच्या मुलालाही बोलवायचं होतं.

बाहेरचा पॅसेज अजून डोळ्यांसमोर आहे. कठड्याला जागोजागी कागदी पिशव्या लटकवल्या होत्या, ओकारीसाठी. निम्म्या वापरून तिथंच ठेवलेल्या. गालिचा ओला. त्या आंबूस वासावर अत्तराचा फवारा मारलेला, त्यामुळे वास दुप्पट वाईट झाला होता. कोपऱ्यातल्या शोभेच्या कुंडीत कुणीतरी माव्याच्या लाल पिचकाऱ्या मारल्या होत्या. एक सफाईची बाई गुडघ्यावर बसून गालिचा घासत होती. चाळिशीची, ईशान्येकडची असावी, हिंदी अडखळत बोलायची. तिच्या अगदी शेजारून आमच्यातला एक दुकानदार पाय न उचलता घाणीतून चालत गेला आणि पुढच्या कोरड्या गालिच्यावर त्याच पायांचे ठसे उठले. तिनं मान वर केली नाही. बादली उचलून ती पुढे सरकली.

खाली मोठ्या चौकात गोंधळ चालला होता. काउंटरला आमच्या माणसांनी घेराव घातला होता. "गोवा दाखवा, नाहीतर पैसे परत द्या," असं सगळे ओरडत होते. यातल्या एकानंही स्वतःच्या खिशातून रुपया दिलेला नव्हता. काउंटरवरची मुलगी हात जोडून परत परत सांगत होती की हवामान आमच्या हातात नाही. तिच्या तोंडासमोर सात-आठ फोन, सगळे तिचं चित्रीकरण करत होते. पुढे आण्णा होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून माझा भाऊ. तो काउंटरवर हात आपटून म्हणत होता, "आमी काय येडं हाय व्हय? कॅप्टनला बोलवा हितं."

त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुणीतरी हसलं. हसणारा कोण ते बघायला मी मान वळवली. माझा भाऊच होता.

गर्दीतून वाट काढत मी आण्णांपर्यंत गेले. म्हटलं, "तुमच्या आईंना फार त्रास होतोय. सारख्या ओकतायत. एकदा येऊन जा."

त्यांनी फोन खाली न घेता माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही हायच की सिस्टर," ते म्हणाले. "तुम्हाला सवय हाय. मी येऊन काय करणार?"

मी नर्स होते हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. तेवढ्यापुरतं खटकलं. पण म्हातारी एकटी होती, मी विचार करत थांबले नाही.

जेवणाच्या हॉलमध्ये मीठ मिळालं, दोन लिंबं मिळाली. साखरेचं भांडं रिकामं होतं, आणतो म्हणाले. तिथं वेगळाच प्रकार सुरू झाला होता. गोवा मिळाला नाही ना, मग खाऊन वसूल करा, असं कुणीतरी काढलं होतं. माणसं खात नव्हती, ताटं भरून टेबलावर पालथी घालत होती. एकानं आइस्क्रीमचं अख्खं भांडं उचलून आणलं, त्यात पाण्याची बाटली ओतली आणि ढवळत बसला. बोट कलली की टेबलावरचं ओघळून चादरीवर, चादरीवरून खुर्च्यांवर. तेलाचा, चिकनचा, कुणाच्या तरी ओकारीचा वास. या लोकांच्या बायका घरी कालची भाकरी चुरून फोडणीला टाकतात, हे मला माहीत होतं. त्याच बायका इथं बाजूला बसून हसत होत्या. माझ्या नाकानं त्या दिवशी मिटायला साफ नकार दिला.

परत आले तर म्हातारीला दरदरून घाम सुटलेला. हात थरथरत होते, बोलणं बरळल्यासारखं, मला ओळखत नव्हती. मला "तंगी, तंगी" म्हणत होती. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. साखर एकदम खाली गेली होती, त्याला यंत्राची गरज नव्हती, कपाळाला हात लावला की कळतं. खोलीत चहाचं सामान होतं पण त्यात साखरेच्या पुड्या नव्हत्या. मी दार उघडून ओरडले. पॅसेजमध्ये तीच सफाईची बाई होती.

"शक्कर चाहिए. जल्दी," मी म्हटलं.

तिनं एकदा आत पाहिलं. काही न विचारता आपल्या ढकलगाडीच्या खालच्या कप्प्यातून साखरेच्या पुड्यांची अख्खी पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि माझ्या मागोमाग आत आली. मी साखर ओल्या बोटानं म्हातारीच्या गालाच्या आत लावत होते, तेव्हा तिनं म्हातारीचं डोकं तिच्या मानेखाली हात घालून धरलं. ओकारीनं भरलेली बादली तिनं न सांगता उचलली, धुऊन आणली. वीस मिनिटांनी म्हातारी शुद्धीवर आली आणि पाणी मागायला लागली. "नीर, नीर." मी लिंबूसाखरेचं पाणी चमच्यानं दिलं. तेवढ्यात बोटीवरची नर्स येऊन ओकारीचं इंजेक्शन देऊन गेली. ती सफाईची बाई जाताना म्हणाली, "मेरा माँ भी शुगर." मग दार हळू लावून गेली.

म्हातारीला जरा हुशारी आली तशी ती बोलायला लागली.

"तुला लई तरास दिला."

"कसला त्रास, अव्वा. माझं कामच होतं ते."

"मी येणारच नव्हते. ब्याड म्हटलं, मला नको. पण सगळे पोराला म्हणाले, आईला घेऊन चला, शोभतंय. पोरगं म्हणालं, हिला कोण बघणार तितं? मग तुझा भाव म्हणाला, माझी बहीण नर्स हाय, तिला सोबत आणतो, ती बघंल सगळं. मग मी आले." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "भाव गुणाचा हाय हो तुझा."

मी चमचा पेल्यात ठेवला. म्हातारीला यात लपवण्यासारखं काही आहे हे माहीतच नव्हतं, तिला वाटलं मलाही ठाऊक आहे.

भाऊबीजेचं तबक, पाटावर बसलेला तो, "जलमभर कामच केलंस की," हे सगळं एकामागून एक माझ्या समोरून गेलं. आणि मला किळस आली. अंगावर पाल पडावी तशी. आधी त्याची, मग माझी. त्यानं फसवलं म्हणून इतकी नाही, कुणाच्या तरी मायेच्या एका वाक्यासाठी मी इतकी उपाशी होते की एकदाही "का?" असं विचारलं नाही, म्हणून. त्यानं नुसतं सांगितलं असतं, आक्का, एका म्हातारीला सांभाळायला चल, माझं काम होईल, तर मी आले असते. हसत आले असते. बोटीच्या डुलण्यानं दिवसभर मला काही झालं नव्हतं. त्या वेळी मात्र मी बाथरूममध्ये जाऊन ओकले.

दुपारी म्हातारीनं अंथरूण ओलं केलं. ती लाजेनं भिंतीकडे तोंड करून पडली. मी चादर बदलली, तिचं अंग पुसलं, आणि स्पीकरवरून पुन्हा आवाज आला. दिवस मोकळा पडलाय म्हणून संध्याकाळचा सत्कार समारंभ आत्ताच थिएटरमध्ये होईल.

ती झोपली तशी मी तिथं गेले. काय करायचं ते ठरवून गेले नव्हते. मी मागच्या दारात उभी राहिले. स्टेजवर निळे-जांभळे दिवे, धूर सोडलेला. मागच्या मोठ्या पडद्यावर म्हातारीचा फोटो होता, काल बोटीवर चढताना मुलानं तिला मिठी मारलेली तेव्हाचा. तिची पिशवी हातात घेतलेला माझा भाऊ फोटोच्या कडेला अर्धा दिसत होता. सूत्रसंचालक म्हणत होता, "आजच्या काळात आईला समुद्र दाखवायला घेऊन येणारे असे किती सुपुत्र आहेत?" टाळ्या झाल्या. आण्णांना शाल घातली, फेटा बांधला. त्यांनी माइक घेतला. डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "मी जो काय हाय, आईच्या आशीर्वादानं हाय. तिच्यासाठी मी कायबी करीन."

माझा भाऊ पहिल्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मी मधल्या वाटेनं चालत पुढे गेले. बोट हलत होती, खुर्च्यांच्या पाठी धरत गेले. स्टेजपाशी थांबले. आण्णांनी मला पाहिलं आणि ते हसले. त्यांना वाटलं असावं की मी अभिनंदन करायला आलेय. वॉर्डात तीस पेशंटांच्या नातेवाइकांना ऐकू जाईल असा माझा आवाज आहे, तो मी काढला.

"आण्णा, तुमच्या आईंनी अंथरुणात लघवी केलीय. सकाळपासून ओकतायत. मघाशी बेशुद्ध होत होत्या. चला, त्यांच्यापाशी बसायला माणूस पाहिजे."

सूत्रसंचालकाच्या माइकमधून नुसती खरखर ऐकू येत होती. आण्णांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण ते खाली उतरले. न उतरून करणार काय? माझ्यामागून फेटा घातलेलेच लिफ्टमध्ये आले. लिफ्टमध्ये ते हळूच म्हणाले, "सिस्टर, हे असं सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं."

"सकाळी तुमच्या एकट्याच्या कानावर घातलं होतं," मी म्हटलं.

केबिनच्या दारात ते थबकले. रुमाल नाकाला गेला. "आत या," मी म्हटलं. "दार लावा. ती बादली धरा." पेशंटच्या माणसांशी बोलायचा माझा आवाज असाच आहे, त्याच्यापुढे भले भले ऐकतात. त्यांनी बादली धरली. म्हातारी जागी झाली, उठून बसली आणि मुलगा दिसताच तिला एक मोठा उमाळा येऊन ओकारी झाली. थोडी बादलीत, थोडी त्यांच्या शालीवर. आण्णा पांढरे पडले आणि त्याच बादलीत स्वतः ओकले. फेटा सुटून बादलीत पडला. मी आयुष्यात किती ओकाऱ्या पाहिल्या, पण ती बघताना मनाला एक प्रकारचं समाधान वाटलं, आणि त्या समाधानाचीही मला घाण वाटली.

मी त्यांना पाण्याचा चमचा कसा द्यायचा ते दाखवलं आणि वरच्या डेकवर निघून गेले. तिथं हवा होती, पण चांगली नव्हती. डिझेलचा धूर आणि तळणीचा वास. पोहण्याच्या हौदातलं पाणी बोटीबरोबर एका अंगाला जायचं आणि कडेवरून सांडायचं. त्यात बिअरचे डबे आणि एक चप्पल तरंगत होती. समुद्र मळकट, राखी. लोक त्याला एवढं सुंदर का म्हणतात ते त्या दिवशी काही मला कळलं नाही.

भाऊ शोधत आला. चेहरा लाल.

"आक्का, माझं वाटोळं केलंस तू. आण्णा आता मला उभं करंल का दारात?"

"मला तू कशाला आणलंस?"

तो म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"तेवढं सोड. कशाला आणलंस ते सांग."

"त्यात वाईट काय झालं? तुझी फुकटात ट्रिप झाली, त्यांच्या म्हातारीला सोबत झाली, माझं बी जमलं. तुला असं काय जड हाय त्यात? तू तर लोकांची घाण काढतच आलीस की."

हे बोलल्यावर त्याला स्वतःलाच कळलं असावं. त्यानं नजर वळवली, हौदाकडे बघत राहिला. आठवीत असताना त्याला कावीळ झाली होती, ते मी बोलून दाखवणार होते. दीड महिना मी त्याचं सगळं केलं होतं. पण तेही मला नको वाटलं. असली यादी काढत बसले असते, तर मीही तेवढीच खाली आले असते.

"जा तू," मी म्हटलं. "मला जरा बसू दे."

आण्णा आईजवळ दीड तास बसले. मग कुणाचा तरी फोन आला म्हणून गेले, ते परत आले नाहीत. संध्याकाळी मी म्हातारीला दोन चमचे पातळ दहीभात भरवला. ती म्हणाली, "बसला की तेवढा. लई कामात असतोय." तिच्या तोंडावर खरंच आनंद होता. तिच्या त्या आनंदानं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. वर पुन्हा संगीत सुरू झालं होतं, छत धडधडत होतं.

परतीच्या बसमध्ये भाऊ माझ्यापासून चार रांगा पुढे बसला. त्याचं वाटोळं वगैरे काही झालं नाही. माल पहिल्यासारखा येत राहिला. आण्णांसारखी माणसं लोकांसमोरची गोष्ट मनात ठेवतात, पण धंद्यात आणत नाहीत. दीड महिन्यानं भावाचा फोन आला, भाचीच्या कॉलेजबद्दल बोलला. मीही बोलले. बोटीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. मी त्याच्याकडे जाते, जेवते, भाचीला कपडे नेते. पण तो "आक्का" म्हणाला की पूर्वी जे व्हायचं ते आता होत नाही.

म्हातारी मात्र अधूनमधून फोन करायची. नातवाकडून नंबर लावून घ्यायची. जेवलीस का, एवढंच विचारायची. "एकदा ये माझ्या घरी," म्हणायची. मी टाळत होते. उन्हाळा सरताना एकदा गेले. अक्कलकोटपर्यंत एसटीनं, पुढं वडापच्या जीपनं. तिनं स्वतः चुलीपाशी बसून गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, केली होती. गूळ जरा जास्त झाला होता. आम्ही दोघी ओसरीवर बसून जेवलो. तिची तब्येत बरी होती. मला तिथं बरं वाटत होतं, इतकं की दोन तास कसे गेले ते कळलं नाही.

मग आण्णा आले. गाडीतून उतरले, हसून नमस्कार केला, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"सिस्टर, बरं झालं आलात. एक बोलायचंच होतं. आईचं आता वय झालंय. तुम्ही तिकडं एकट्याच की. इथंच राहायला या. खोली देतो, जेवणखाण, पगार तुम्ही म्हणाल तो. तुमच्या भावाशी बोलणं झालंय माझं. तो म्हणाला, तिची काही हरकत नसंल."

माझ्या तोंडातला हुग्गीचा घास तसाच राहिला. तो मी पाण्याबरोबर गिळला. उठले, हात धुतले, पिशवी घेतली.

"माझ्या हरकतीचं मला विचारा," मी म्हटलं. "हरकत आहे."

ते दुखावल्यासारखे झाले. त्यांना खरंच कळलं नाही की यात राग येण्यासारखं काय आहे. त्यांच्या मते त्यांनी माझा मानच केला होता.

म्हातारी काठी टेकत वेशीपर्यंत आली. नको म्हटलं तरी आली. वडाप येईपर्यंत दोघी झाडाखाली उभ्या राहिलो. मुलाची गाडी अंगणात दिसत होती, तिकडं एकदा बघून ती हळू आवाजात म्हणाली, "हो म्हणाली न्हाईस ते बरं केलंस. तू कामाला आलीस तर मी तुला जेवलीस का म्हणून कसं विचारू?"

मी तिचा हात धरला. वडाप आली, मी चढले. पुढच्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा मी तिलाच माझ्याकडे राहायला बोलावलं. ती येऊन चार दिवस राहिली.